अर्धा पूल

"पण माझ्यात कमी काय आहे, बाबा?"

घोंगडीबाबा पुलाच्या तोंडाशी दगडावर बसून तळपायातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले,

"कमी कुठंय? जरा जास्तच झालंय."

मागं लिंबा फिसकन हसला. सटवाच्या अंगाची लाही लाही झाली.

सटवा बाबांचा जुना चेला. मिसरूड फुटायच्या आधीपासून धुनी सांभाळत आलेला. बाबांच्या घोंगडीची घडी दुसऱ्यानं घालायची नाही, चिलमीला दुसऱ्याचा विस्तव चालायचा नाही. आणि हा लिंबा काल-परवा मेंढरं सोडून आलेला बाप्या. ना पाठ, ना मंत्र. वर खांद्यावर बाबांसारखीच काळी घोंगडी मिरवायचा.

पण बाबा त्याच्याशी बोलताना हसायचे. सटवाशी बोलताना कधी हसले नव्हते.

तेवढंच सलायचं बघा. बाभळीचा काटा निघतो तरी, हे निघेना.

आता बाबा गंगेच्या पलीकडं, आपल्या गुरूच्या समाधीपाशी कायमचे राहायला निघाले होते. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. सकाळीच सांगितलं होतं त्यांनी, "एक माझ्यासंगं येईल, एकानं इथली धुनी राखायची. कोण ते पुलावर सांगीन."

रेल्वेचा तो पूल पाहायची बाबांना फार दिवसांची हौस. खाली घडीव काळ्या दगडाचे खांब, वर लोखंडाचा सांगाडा. बांधला तेव्हा गावोगावची माणसं बैलगाड्या जुंपून बघायला आली होती. पहिल्या इंजिनाला बायांनी ओवाळलं, कुंकू लावायला गेली तिचा हात पोळला, असं म्हणतात.

चौकीदारानं हात जोडले.

"पुलावरून चालायला बंदी आहे, बाबा. पण तुम्हाला नाही कसं म्हणू? आता गाडीची वेळ नाही, तरी मालगाडीचा काही नेम नसतो. शिटी आली की पिंजऱ्यात शिरा."

रुळांच्या दोन्ही अंगांना, थोड्या थोड्या अंतरावर, माणसाला उभं राहण्यापुरते लोखंडी कठडे बाहेर काढले होते. त्यांनाच तो पिंजरे म्हणत होता.

निघाले. पुढं बाबा. त्यांच्या पाठीला चिकटल्यासारखा सटवा. मागं लिंबा.

रुळाखालच्या आडव्या लाकडांवर बेतानं पाय टाकायचा. दोन लाकडांच्या फटीतून खाली गंगा वाहताना दिसे. अशा वाटेला नजर पायाशी पाहिजे. सटवाची नजर मागं. लिंबा किती जवळ आला? पुढं तर घुसत नाही ना?

"सटवा, पुढं बघ."

"बघतोय की, बाबा."

पुन्हा मान मागं.

"आण्णा, लाकूड चुकेल," लिंबा म्हणाला.

"तू नको शिकवू मला! पायरी सांभाळून राहा."

"इथं कुठली पायरी, आण्णा? सगळी फटच आहे."

बाबा पुढं गालात हसले. सटवानं पाठमोऱ्या माणसाचं हसूसुद्धा ओळखलं...

पूल अर्धा झाला असेल. शिटी वाजली.

तळव्याखाली लोखंड गुणगुणायला लागलं. सटवाची मान अजून मागंच. ती पुढं फिरली, तर समोर बाबा नाहीत. नुसते रूळ, आणि रुळांवर वाढत येणारं इंजिन.

त्याचे पाय लाकडाला खिळले.

कुणीतरी मानगूट धरली. हिसडा बसला. पाठ कठड्यावर आदळली, आणि गाडी आली.

काय तो आवाज! पूल सगळा थरथरत होता. सटवानं डोळे गच्च मिटून त्या माणसाला दोन्ही हातांनी मिठी मारली. नाकाला घोंगडी लागली. धुनीच्या धुराचा वास आला.

बाबाच!

सटवाला रडू फुटलं. गाडीच्या खडखडाटावर आवाज चढवून तो ओरडू लागला,

"बाबा, मलाच ओढलंत! त्याला नाही, मला! आता मलाच न्या पलीकडं... तो पडेना का गंगेत!"

शेवटचा डबा निघून गेला होता. शेवटचे शब्द मोकळ्या हवेत लख्ख ऐकू आले.

सटवानं डोळे उघडले.

रुळांच्या पलीकडच्या पिंजऱ्यात बाबा निवांत उभे होते. चिलमीत बोट घालून राख उकरत होते.

आणि त्याच्या कवेत होता लिंबा.

लिंबाचा तळहात कठड्याला सोलवटला होता. त्यानं रक्त धोतराला पुसलं.

"लागलं का, आण्णा?"

विस्तवाला हात लागावा तसे सटवानं हात मागं घेतले. तो खाली बसला. फटीतून गंगा दिसत होती.

"बाबा," तो म्हणाला, "यालाच न्या. धुनी मी राखतो."

बाबा रूळ ओलांडून आले. एकदा याच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. मग सटवाकडं बघून हसले. पहिल्यांदाच.

"सोडलंस कशाला त्याला? अर्धा पूल अजून राहिलाय."