ओंजळटेक

त्या पाटीवर लिहिलंय ते खोटं आहे. हे मी पंचायतीत तीनदा जाऊन सांगितलं, पाटी रंगवणाऱ्याच्या शिडीखाली उभी राहूनही सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही माझ्यावर. चौथी शिकलेल्या बाईचं ऐकतंय कोण! पाटी म्हणते, निंबझऱ्याच्या या तळ्याला एका सुनेचा बळी दिला, तेव्हा पाणी लागलं. तुम्ही लांबून येता, पाटी वाचता, हळहळता, नारळ फोडता आणि जाता. बसू नका. बसून ऐकायची गोष्ट नाही ही. चला माझ्याबरोबर तळ्याच्या या पाळीवरून, बांधावरून.

ती पलीकडची टेकडी दिसते ना, चार पुरुष उंचीची? तिला ओंजळटेक म्हणतात. ती देवाने केलेली नाही, राक्षसानेही नाही. ती कशी झाली ते आमच्या घरात सासू सुनेला सांगत आली. मला माझ्या सासूने सांगितलं. ते असं.

फार मागे, किती मागे ते कोणाला माहीत नाही, हे तळं आटायला लागलं. पाऊस नेहमीसारखा पडायचा, ओढाही भरून यायचा. तरी चैत्र लागला की तळ्यात घागर बुडत नसे. वाटीवाटीने पाणी भरायची वेळ आली, म्हणे. तिसऱ्या वर्षी दोन गुरं चिखलात रुतून मेली. माणसं चिडकी झाली. एकमेकांच्या दारात उभं राहून विचारायला लागली, हे पाप कोणाचं?

भानजी पाटलाने भगताला बोलावलं. भगताने तांदूळ टाकले, डोळे फिरवले आणि सांगितलं, तळं माणूस मागतंय. ज्या सुनेच्या पायगुणाने पाणी हटलं, ती द्या. नऊ दिवसांनी अमावस्या आहे, सूर्य डोक्यावर आला की द्या.

गावात नवी सून एकच होती. तान्हाईची सून, ठकू. पाणी तीन वर्षांपासून हटत होतं आणि ठकू येऊन चार महिने झाले होते. हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं तरी कोणी बोललं नाही. दुसऱ्याची सून होती ना! नवरा काय करत होता ते मला विचारू नका. गोष्टीत त्याचं नावसुद्धा उरलेलं नाही, यावरून काय ते समजा. पोरीवर पाळत ठेवली. पण पाणी भरायला मात्र तिलाच पाठवायचे.

ठकूच्या माहेरी भांडी राखेने घासायचे, तीही परसात. इथली रीत वेगळी. बाई तळ्यावर आली की पाळीवरची मूठभर तांबडी माती घ्यायची, तिने घागर लख्ख घासायची आणि तळ्यात खळखळून धुवायची. ठकू माती घेत नाही म्हणून तान्हाईने चार महिने तिला बोल लावले होते. आता मरण नऊ दिवसांवर आल्यावर ठकूने पाणी शोधायला तळात हात घातला. कोपरापर्यंत घातला. हातात आला तो तांबडा गाळ. तिने पाळीकडे पाहिलं. पाळ मध्येच बसली होती, गाढवाच्या पाठीसारखी.

ती ओरडली, "तळाची माती काळी असते. ही तांबडी आहे, पाळीची. आपणच बुजवलंय हे!"

बायका हसल्या. एक म्हणाली, "बाई गं, चार महिन्यांची सून आम्हाला तळं शिकवते! मरणाला भिऊन सुचतंय हो सगळं."

"भिते तर आहेच," ठकू म्हणाली. "म्हणून काय माती काळी होते?"

कोणी ऐकलं नाही. मग ती एकटीच गाळ उपसायला लागली. टोपली कोणी देईना, तेव्हा ओंजळीने. ओंजळ भरायची, पलीकडे नेऊन टाकायची, परत यायचं. पहिल्या दिवशी पोरं मागे लागली. दुसऱ्या दिवशी नखं गेली. असं सहा दिवस. तिला झोप नव्हती, म्हणे. ती थांबायचीच नाही. टाकलेला ढीग गुडघ्याएवढाही झाला नाही.

सातव्या दिवशी सकाळी तान्हाई घागर घेऊन आली. तिच्यासोबत गावच्या बायका होत्या. सुनेकडे न बघता ती वाकली आणि घागर घासणार तोच ठकूने तिचं मनगट धरलं.

"आत्याबाई, मुठीत काय आहे?"

"सोड भवाने, सासूचा हात धरतेस?"

"सोडते. आधी मूठ उघडा."

तान्हाईने मूठ उघडली. तांबडी माती. कधी उचलली ते तिला आठवेना. चाळीस वर्षं रोज उचलत होती, आठवणार कसं? ती मातीकडे बघत राहिली. मग सुनेच्या बोटांकडे बघितलं. मग पाळीवर गेली आणि ती मूठ जिथली तिथे टाकली, पायाने दाबली. परत आली, दोन्ही हातांनी गाळ काढला आणि सुनेच्या ढिगावर नेऊन टाकला. एवढंच केलं. पण बाकीच्या बायकांच्याही मुठीत माती होतीच की. एकीने टाकली, दुसरीने टाकली.

अमावस्येला सूर्य डोक्यावर आला. भगत हळदकुंकवाचं ताट घेऊन पाळीवर उभा राहिला. म्हणाला, "जिच्यामुळे पाणी हटलं तिला पुढे करा."

तान्हाई पुढे झाली. "तळं मी बुजवलं. मी, तान्हाई."

भगत म्हणाला, "म्हातारे, तू बाजूला हो."

तेवढ्यात मागून दुसरी म्हणाली, "मी बुजवलं." तिने आपलं नाव सांगितलं. मग तिसरीने. गावातल्या सगळ्या बायकांनी ओळीने आपापलं नाव घेतलं. शेवटी पाळ तुडवत बैल धुवायला तळ्यात आणणारे बाप्येही खाली मान घालून बोलले. बळी एकाचा देता येतो. अख्ख्या गावाचा कसा देणार? भगताने ताट उचललं आणि गेला.

पाणी लगेच लागलं नाही. ते गोष्ट सांगणारे लावतात. त्या दिवशी उपसलेल्या खड्ड्यात फक्त तळाची काळी ओली माती लागली. तळं पहिल्यासारखं व्हायला बारा वर्षं गेली, असं सांगतात. ते भरलेलं तळं ठकूने पाहिलं. पुढे तिला नातसुनाही आल्या. बळीची गोष्ट लोकांना का आवडते, सांगू? नारळ फोडला की सुटका. या गोष्टीत सुटका नाही. रोज यावं लागतं.

आजही रीत तीच आहे. पाणी घ्यायचं, एक ओंजळ गाळ काढायचा, टेकावर टाकायचा, तळं कोणी बुजवलं असं विचारायचं आणि आपलं नाव घ्यायचं. पण येतं कोण? अकरा वर्षांपूर्वी घरोघर नळ आले. ही पायरी बघा, पूर्वी बाराही महिने पाण्याखाली असायची. आता तिच्यावर गाळ वाळलाय. पाटीवरून भांडायला मला वेळ होता, इथे यायला नव्हता. पाच वर्षं मी या पाण्यात हात घातला नाही.

चपला काढा. बाही वर करा. घाला हात, चावत नाही. तुमचं नाव तुम्ही मग सांगा. आधी माझी ओंजळ.

तळं कोणी बुजवलं?

शालन बाबुराव खुटाळे.