वेळाईच्या देवळातली पाटी

वर बघा. घंटेच्या शेजारी, गाभाऱ्याच्या तुळईला जी टांगली आहे ना, ती पाटीच आहे. मातीकामाची, बांबूच्या पातींची, साधी पाटी. येणारा प्रत्येक पाहुणा आधी घंटा वाजवतो आणि मग हात तसाच वर ठेवून विचारतो, की देवळात हे काय? कोणी म्हणतो रंगकाम चाललं असेल, कोणी म्हणतो गवंडी विसरून गेला. एका बाईंनी तर ती काढून बाहेर ठेवायला लावली होती. तेव्हा गुरवाने त्यांना काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. ही पाटी दर वर्षी नवी विणतात, देवीला साडीचोळी चढवतात त्याच दिवशी वर बांधतात, आणि तिच्यात खाडीचा मूठभर चिखल असतो. तारखोल गावात याची गोष्ट सांगतात ती अशी.

देवळाच्या मागे उभं राहिलं की खाली भातशेती दिसते आणि तिच्या पलीकडे खाडी. मध्ये जो लांबलचक मातीचा बांध आहे, तो नसता तर हे गावच नसतं. भरतीचं खारं पाणी त्या बांधाने अडवलेलं. शेत गोडं, विहीर गोडी, ती त्याच्या जिवावर. हा बांध एके काळी फुटला होता म्हणे. किती वर्षं झाली ते कोणी नक्की सांगत नाही. एक म्हातारा सांगेल सात पिढ्या, दुसरा लगेच म्हणेल नऊ, आणि मग दोघांचं जुंपेल. आपण त्यात पडायला नको.

त्या वेळी वेळाईची पूजा धाकू गुरवाकडे होती. माणूस शांत, देवभोळा आणि मनातून फार भित्रा. भित्रा व्हायला कारण होतं. वीस वर्षांपूर्वी असाच बांध खचला तेव्हा गावाने देवीचा कौल न घेता घाईघाईत कामाला हात घातला होता, आणि भरतीच्या ओढीत तीन माणसं गेली. त्यांतला एक धाकूचा सख्खा थोरला भाऊ, भिवा. तेव्हापासून धाकूने मनाशी गाठ मारली होती की देवीच्या हुकमावाचून या गावातला एकही माणूस त्या पाण्यात उतरता कामा नये. गावालाही ते पटलं होतं. तिथून पुढे पेरणी असो, लग्न असो, घराचे वासे चढवणं असो, कौल लावल्याशिवाय तारखोलात काडी हलत नसे.

कौल म्हणजे काय, ते माहीत नसेल तर सांगतो. पिटकुळीच्या लाल कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे चिकटवायच्या. मग गाऱ्हाणं घालायचं. गुरव बोलतो आणि प्रत्येक वाक्याला मागे उभी असलेली मंडळी 'होय म्हाराजा' म्हणतात. उजवी कळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. आजही असंच करतात.

तर भाद्रपदातली पौर्णिमा होती. भात पोटरीला आलेलं. भर दुपारच्या उधाणाला बांधाला पहिली भेग गेली आणि बघता बघता दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढं खिंडार पडलं. खालची दोन-चार शेतं तेव्हाच गेली. चार दिवसांनी पाण्याचा जोर उतरू लागला. इथून अष्टमीपर्यंत भरती लहान लहान होत जाते, त्याला इकडे भांग म्हणतात. भांगात बांधायचं ते बांधायचं, कारण पुढे अमावास्या. अमावास्येचं उधाण त्या खिंडारातून आत शिरलं की सगळी शेतं खारी, विहीरही खारी, आणि मग चार-पाच वर्षं तिथे गवताची काडी उगवायची नाही. बेचाळीस घरांना गाव सोडून जावं लागलं असतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि सगळे हात जोडून देवळात उभे होते.

धाकूने कौल लावला. आपल्या खड्या आवाजात त्याने गाऱ्हाणं घातलं आणि शेवटी विचारलं, "आये, तू दर्याक थांबवतलंस?" मंडळी म्हणाली, होय म्हाराजा. कळ्या जागच्या हलल्या नाहीत.

त्याने वाट पाहिली. अर्धा दिवस गेला, तिथेच बसून राहिला. ना उजवी पडली ना डावी. दुसऱ्या दिवशी नव्या कळ्या, नवं गाऱ्हाणं, तोच प्रश्न. मंडळींचा 'होय म्हाराजा' जरा मोठ्याने. कळ्या सुकून काळ्या पडल्या, पण पाषाणाला चिकटून राहिल्या. देवीने आजवर होकार दिला होता, नकारही दिला होता, पण असं गप्प राहणं कोणी पाहिलं नव्हतं. धाकूला अन्न जाईना. आपल्या हातून काही विटाळ झाला का, पूजेत काही चुकलं का, असं मनाला लावून घेऊन त्याने तीन वेळा गाभारा धुतला.

बाबला गावकर हा गावचा मानकरी. तसा वाईट नव्हता, पण घायकुतीला आला होता. त्याने धाकूला बाजूला घेऊन सुचवलं की उद्या उजवी कळी जरा सैल लाव, म्हणजे लोकांना धीर येईल. धाकूने त्याचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की गावकरांनी दुसरा गुरव बघावा. एरवी बाबलापुढे मान वर न करणारा माणूस! खोट्या होकारावर माणसं पाण्यात उतरली आणि परत आली नाहीत तर, हीच भीती त्याला रात्रंदिवस खात होती. त्याला खरं तर होकार हवा होता तो वेगळाच. देवीने आपण होऊन समुद्र मागे लोटावा, आणि कोणाला त्या चिखलात पाय घालायची वेळच येऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

षष्ठीच्या सकाळी तो पिटकुळी खुडायला मागच्या दारी गेला आणि तिथून त्याला खिंडाराशी एक बाई दिसली. एकटीच. ओहोटीच्या चिखलात वाकून पाटी भरत होती. त्याने लांबूनच ओळखलं तिला. ती आवडू, त्याच्या भिवाची बायको. वीस वर्षं विधवा, बांधालगतचं एक कुणगं, म्हणजे भातशेतीचा लहानसा तुकडा, करून पोट भरणारी.  हातातल्या कळ्या तिथेच टाकून तो धावत खाली गेला.

गेला तो ओरडतच. कौल नाही आणि तू खाली उतरलीस, माझा भाऊ गेला ते तुला पुरलं नाही का, असं बरंच बोलला म्हणतात. आवडूने सगळं ऐकलं. तीन दिवस ती रोज ओहोटीला माती टाकत होती आणि रोजची भरती ती धुऊन नेत होती. तरी टाकत होती. तिच्या कमरेला काथ्याची दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक बांधावरच्या माडाला बांधलेलं होतं. त्या दोरीकडे धाकूचं लक्ष गेलं.

"भावजी," आवडू म्हणाली, "माझो घोव कौल नाय म्हणान गेलो नाय. कमरेक दोरी नाय म्हणान गेलो."

धाकू खाली चिखलातच बसला. वीस वर्षांत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण वीस वर्षांत त्याने कोणाला विचारलं नव्हतं. आवडू म्हणाली, आता आलाच आहात तर पाटीला हात लावा.

ज्यांनी मातीकाम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. ओल्या चिखलाने भरलेली पाटी एकट्याने डोक्यावर घेता येत नाही. भरायची आपण, डोकं द्यायचं आपण, पण उचलताना मागून कोणीतरी हात लावावाच लागतो. धाकूने हात लावला. पाटी जड नव्हती. त्याने विचारलं, अर्धीच का भरली?

तेव्हा आवडू जे बोलली ते तारखोलातल्या पोराला पण पाठ आहे. "एकटी आसंय म्हणान अर्धी भरतंय. भरलेली पाटी डोक्यार घेवक कोणीतरी हात लावूक व्हयो. आणि तुमी देवळात बसान आयेक सांगतास, पाटी तूच भर आणि तूच उचल. ती काय बोलतली?"

धाकू उठला. अंघोळ नाही, सोवळं नाही, तसाच चिखलाच्या हातापायांनी तो देवळात गेला. मंडळी जमलेलीच होती. गुरवाचा अवतार बघून बायकांनी तोंडाला पदर लावला. बाबला गावकर धाकूचं तोंड बघून बाजूला झाला. धाकूने कळ्या भिजवल्या, पाषाणाला लावल्या आणि या वेळी गाऱ्हाणं लांबवलं नाही. एवढंच म्हणाला, "आये, पाटी आमी भरतंव. तू हात लावतलंस?"

मंडळींनी होय म्हाराजा म्हणायला तोंड उघडलं, आणि ते शब्द बाहेर पडायच्या आत उजवी कळी खाली आली.

चिखलाच्या बोटांनी लावलेली कळी टिकेल कशी, असं म्हणणारे शहाणे दर वर्षी दोन तरी येतात. येवोत बापडे. धाकूने डावी कळीही त्याच बोटांनी लावली होती. ती तिसऱ्या दिवशी खरवडून काढावी लागली.

मग गाव कामाला लागलं. सप्तमी आणि अष्टमी, दोनच दिवस. माडाचे सोट तोडून खुंट ठोकले, त्यांच्यामध्ये झावळ्यांच्या तट्ट्या बसवल्या, पेंढा आणि दगड भरले, वर माती. बेचाळीस घरांतली चालती-फिरती सगळी माणसं खाली होती. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला दोरी, आणि ती गाठ धाकू स्वतः दोनदा ओढून बघायचा. लोक वैतागले, पण त्याने कोणाला सोडलं नाही. बाबला गावकराचीही ओढली.

अष्टमीच्या संध्याकाळी माणूसभर रुंदीचं खिंडार उरलं होतं आणि भरती चढू लागली. सगळे हात तट्ट्या धरून होते. सोडल्या असत्या तर दोन दिवसांचं काम वाहून गेलं असतं. आतल्या बाजूला कमरेएवढ्या पाण्यात एकटी आवडू, तिच्यापुढे बांधाच्या कडेवर शेवटची पाटी, काठोकाठ भरलेली. तिची दोरी वर धाकूच्या हातात. तो खाली जाऊ शकत नव्हता, दोरी सोडू शकत नव्हता. त्याने दोरीचा पीळ मुठीला दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न मागता नुसतं देवळाकडे पाहिलं.

आवडू वाकली. तिने पाटीच्या कडा धरल्या. आणि पाटी वर आली. हिसका नाही, धडपड नाही, दोन माणसांनी उचलावी तशी सरळ तिच्या डोक्यावर आली. ती चार पावलं चालली आणि पाटी खिंडारात ओतली. आत येणारी धार तुटली तसे तट्ट्या धरलेले हात मोकळे झाले, वरून दगड पडले, माती पडली, आणि पाणी बाहेरच्या बाहेर राहिलं. धाकूने हे डोळ्यांनी पाहिलं असं सांगतात. नंतर त्याने तिला विचारलं, की हात कोणी लावला? आवडू म्हणाली, मला वाटलं तुम्हीच. मागे वळून पाहिलं नाहीस का? ती म्हणाली, डोक्यावर भरली पाटी असताना कोणी मागे वळून बघतं का?

अमावास्येच्या दुपारी सगळं गाव बांधावर उभं होतं. उधाण चढत चढत बांधाच्या माथ्याखाली हातभर येऊन थांबलं. तिथे घटकाभर डुचमळलं, आणि मग खुंटांवरची ओली रेघ हळूहळू मोठी होऊ लागली. पाणी उतरत होतं. कोणी ओरडलं नाही, कोणी नाचलं नाही. बायका तिथेच बसकण मारून बसल्या. धाकूने मात्र माणसं मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली, तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा आवडूने त्याचा हात धरला आणि सांगितलं, सगळे आहेत भावजी. मग तो रडला. वीस वर्षांचं रडणं होतं ते, कोणी आवरायला गेलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन तो पोटभर पेज जेवला आणि दिवस मावळायच्या आत झोपला.

आवडूची ती पाटी धाकूने धुतली नाही, तशीच देवळात आणून टांगली. आजही भाद्रपदाच्या वद्य अष्टमीला प्रत्येक घरातलं एक माणूस एक पाटी माती बांधावर टाकतं, आणि एक पाटी देवीच्या नावाने जाते. भरणारा भरतो, मागून कोणीतरी हात लावतं, आणि कोणी लावला ते बघायला वळायचं नाही, असा इथला नेम आहे. त्या दिवशी पाहुण्यांनाही सूट नाही. आज अष्टमीच आहे, फावडं तिकडे कोपऱ्यात आहे.

आणि काही मागायला आला असाल, मुलाच्या नोकरीचं म्हणा, दुखण्याचं म्हणा, तर जरूर मागा. गुरव कौल लावून देईल. धाकूच्याच वंशातला आहे. फक्त कळ्या भिजवायच्या आधी तो तुमच्याकडे बघून एक विचारेल, धाकू मरेपर्यंत विचारायचा तेच.

"पाटी भरलंस?"