धोंडीचा उद्या

एका राज्यात सोनं पोत्यांनी होतं, पण गरिबाच्या उंबऱ्याशी आलं की त्याचं खापर होई. फुटक्या गाडग्याचा तुकडा, दुसरं काही नाही. शाप होता तो, आणि शाप काही वाऱ्यावरून येत नाही. राजाच्या आज्याने आपल्या तोंडाने ओढवून घेतला होता.

आजा दानशूर म्हणून मिरवायचा. एकदा दारी एक म्हातारी आली आणि तिने एक मोहर मागितली. आज्याने विचारलं, "कशाला हवी?" ती म्हणाली, "भूक आहे." "खाऊन उरेल त्याचं काय करशील?" तिने तेही सांगितलं. "हे खरं कशावरून?" तिसऱ्या सवालाला म्हातारी ताठ उभी राहिली. ती सिद्ध जोगीण होती.

"राजा," ती म्हणाली, "तुझ्या घराण्याचं सोनं गरिबाच्या हाती असताना कुणी त्याला 'कशाला हवं' असं विचारलं, आणि त्याने जाब दिला, तर त्याच क्षणी त्याचं खापर होईल. ज्या दिवशी एखादा गरीब जाब म्हणून नव्हे, आपल्या खुशीने आपल्या मनातलं मोठ्याने बोलेल, त्या दिवशी शाप सुटेल." एवढं बोलून ती घार झाली आणि उडून गेली.

आता न विचारता देणं दरबारी माणसाला जमतं काय? बैलाला झाडावर चढायला सांगा. दरसाल प्रधानाची माणसं पोती घेऊन गावोगाव जात, दारात उभी राहून विचारत, गरीब हात जोडून जाब देई, आणि खापर घेऊन बसे. गावाबाहेर खापरांचे ढीग साचले.

नातू राजा झाला तो मनाने बरा होता. सोनं नको, वस्तू देऊ, म्हणाला. प्रधानाने कोळ्यांना मेंढ्या वाटल्या, धनगरांना होड्या वाटल्या आणि फडेवाडीला नांगर पाठवले. फडेवाडीत कुणाला वीतभर जमीन नव्हती. लोकांनी नांगरांवर झाडण्या वाळत घातल्या.

त्या फडेवाडीत धोंडी राहत होती. शिंदीची पाती आणायची, कुटायची, बांधायची, आणि झाडणी विकायची, हा वाडीचा धंदा. तिचा नवरा मसू शिंदीवरून पडून पाय मोडून बसला होता. पोर सहा वर्षांची, नाव केरी. वाडीत सगळी नावं अशीच, धोंडी, केरी, उकिर्डा, कोंड्या. चांगलं नाव ठेवलं की दैवाची नजर जाते, आणि मनातलं चांगलं बोललं की ते नासतं, अशी वाडीची रीत होती. तिथं कुणी इच्छा म्हणून तोंडातून काढत नसे.

तशी काढायला इच्छा उरलीही नव्हती. चुनखडीच्या टेकडीवर कवड्या नावाचा मांत्रिक राहत होता. चैत्रात शिंदी वाळली की वाडीत चूल पेटत नसे. मग लोक कवड्याकडे जात. तो एक पायली नाचणी मापून देई आणि बदल्यात माणसाचा उद्या घेई. माणूस तोंड उघडी, घशातून मुनियेएवढं पाखरू बाहेर येई, आणि कवड्या ते पिंजऱ्यात टाकी. बाकी काही दुखत नसे. माणूस जेवी, राबे, भांडे, पण त्याची नजर संध्याकाळच्या पुढे जात नसे. मसूचा उद्या गेला, धोंडीचा गेला, अख्ख्या वाडीचा गेला. वाडीच्या झाडण्या म्हणूनच कडाकडा मोडत. पाती आदल्या दिवशी भिजत घालावी लागतात, आणि आदला दिवस म्हणजे काय हेच लोक विसरले होते.

त्या साली कवड्या स्वतः दारात आला. कानात, गळ्यात, मनगटात कवड्या.

"पोर सात वर्षांची कधी होते?" त्याने विचारलं.

"वैशाखी पुनवेला," धोंडी म्हणाली.

"तेव्हा तिचा घेईन. तोवर तुमचं कसं चालतं ते पाहीन."

तो गेला. धोंडीने ते ऐकलं, पण ते वैशाखाचं होतं, आणि वैशाख तिला दिसत नव्हता. तिने पाती कुटायला घेतली.

इकडे राजाने आपल्या साळुंकीला विचारलं. ही साळुंकी तीन पिढ्यांची होती आणि माणसापेक्षा स्पष्ट बोले.

"बये, गरिबाला काय द्यावं?"

"मोहर दे."

"खापर होतं."

"विचारता म्हणून होतं. माझ्या जातीची पाखरं पाठव. आम्हांला विचारायची खोड नाही."

प्रधान म्हणाला, "महाराज, उडवून टाकतील."

"पाखरं?" राजाने विचारलं.

"गरीब."

राजाने तरी पाठवली. फाल्गुनी पुनवेच्या सकाळी हजार साळुंक्या निघाल्या आणि दर झोपडीत एकेक मोहर पडली. धोंडीच्या पुढ्यात साळुंकी उतरली, मोहर टाकली, पंख झाडले.

"हे काय?" धोंडीने विचारलं.

"तुझं आहे."

"याचं काय करायचं?"

"ते मला काय माहीत? चोच दुखली माझी," म्हणून साळुंकी उडाली.

पहिल्या मोहरेचं घराने खाल्लं. तांदूळ, गूळ, करडईचं तेल, वाळलेले बोंबील. केरी इतकी जेवली की भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपली. प्रधान दरबारात म्हणाला, "बघा, खाऊन टाकली." साळुंकी म्हणाली, "भुकेल्याने काय ती कपाळाला लावायची?"

दुसरी मोहर चैत्री पुनवेला आली. ती मोडली तशी मसूने त्यातली दोन नाणी ताडीला नेली, हे झाकण्यात काही अर्थ नाही. धोंडीने त्याला शिव्या घातल्या आणि उरलेल्यातून हाडवैद्याला बोलावला. वैद्याने पाय पुन्हा मोडून नीट बसवला. मसू गुरासारखा ओरडला. महिना सरता सरता काठी टेकत चालू लागला.

आणि एका संध्याकाळी नवल घडलं. मसू परसात आला तर पाण्याच्या परातीत शिंदीची पाती बुडवलेली.

"धोंडे, हे काय?"

"भिजत घातलीत."

"कधीसाठी?"

"सकाळसाठी."

बोलली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. वाडीत तो शब्द कुणी कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता. पोटभर जेवलेल्या हातांनी आपणहून पाती बुडवली होती. उद्या तर पिंजऱ्यात होता, पण त्याची जागा आत कुठंतरी रिकामी पडल्याचं तिला पहिल्यांदा कळलं. दाताच्या खळग्यात जीभ जावी तशी ती तिथं पुन्हा पुन्हा जाऊ लागली. आणि तिला वैशाखी पुनव आठवली.

"आवं," ती म्हणाली, "पोर सातची होतीय."

"मग?"

"तिसरी मोहर आली की मी टेकडीवर जाते. माझा उद्या सोडवून आणते. मला पुढचं दिसलं तरच पोरीला वाचवता येईल."

मसू म्हणाला, "जा. माझा सोडवू नको. माझ्या उद्यात काय होतं ते मला आठवत नाही, उगाच ताडीच निघायची."

तिसरी मोहर आली त्या सकाळीच धोंडी टेकडी चढली. कवड्या ओसरीत बसला होता. मागे घराएवढा बांबूचा पिंजरा आणि त्यात हजारो करडी पाखरं, एकही चिवचिवत नव्हतं.

"पोर कुठं आहे?" कवड्याने विचारलं.

"घरी. मी माझा उद्या सोडवायला आलेय. ही मोहर."

कवड्याला शाप ठाऊक होता. तो गोड हसला. "मोहर चोख आहे. पण धोंडाबाई, उद्या तुला हवा कशाला?"

धोंडीचे हात आपोआप जोडले जायला लागले. जन्मभर विचारणाऱ्यापुढे ते जोडलेच होते. मोहर तळव्यात खरखरीत झाली, कडेने मातीसारखी लाल दिसू लागली. धोंडीने मूठ आवळली.

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली.

मोहर पुन्हा गार आणि गुळगुळीत झाली. कवड्याने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. धोंडीने दोन्ही वेळा तेच सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी वर म्हणाली, "बहिरा आहेस काय?"

कवड्याने मोहर घेतली. करार म्हणजे करार, मांत्रिकालाही तो मोडता येत नाही. त्याने पिंजऱ्याचं दार उघडलं. "तुझं पाखरू ओळख आणि ने. सूर्य माथ्यावर येईतो वेळ. चुकलीस तर मोहरही गेली आणि पोरीचा उद्याही माझा."

हजारो पाखरं, सगळी सारखी. धोंडी दारात उभी राहिली. "ये गं, घरात धान्याची कणगी भरेन," ती म्हणाली. एकही हललं नाही. "छपरावर नवा गवताचा थर घालीन." एकही हललं नाही. ही पोटाची आणि पाठीची बोलणी होती, आजची. उद्याला आजचं सांगून काय उपयोग?

सूर्य वर चढत होता. धोंडीला कळलं की मनातलं बोलल्याशिवाय सुटका नाही, आणि ते बोलायचं नाही अशी रीत होती. तिच्या आईने ओठांवर बोट ठेवून शिकवलेली. बोललं की नासतं. पण न बोलून काय टिकलं होतं? आई गेली, तिचं मनातलं मनातच गेलं.

कवड्याकडे तिने पाठ केली.

"तुला नाही सांगत," ती त्याला म्हणाली, "पाखराला सांगते." आणि मोठ्याने बोलली, "मला एक गाढवी घ्यायचीय. करडी, मऊ कानांची. व्यापारी दारात येऊन झाडणी कवडीमोलाने नेतो. गाढवी असली तर मी पन्नास झाडण्या लादून राजाच्या बाजारी नेईन. पुढच्या साली गाढवी विईल. शिंगरू मोठं झालं की मसू एका वाटेने जाईल, मी दुसऱ्या. आणि पोरीचं मी जन्मल्या दिवशी एक नाव ठेवलंय, ते मनातच आहे. ते मला हाक मारून म्हणायचंय."

पिंजऱ्याच्या पार मागून एक पाखरू उडालं. ते करडं नव्हतंच, धूळ झटकली तशी हिरवी पिसं दिसली. ते सरळ धोंडीच्या ओठांशी आलं. तिने तोंड उघडलं. पाखरू आत गेलं, आणि तिला वैशाख दिसला, त्यापुढचा जेठ दिसला, पावसाळा, दसरा, आणि दसऱ्याच्या बाजारात मऊ कान हलवणारी गाढवी.

तेवढ्यात राज्यभर गावाबाहेरच्या ढिगांतून खणखणाट उठला. जाब म्हणून नव्हे, आपल्या खुशीने गरीब बोलला होता. शाप सुटला होता. साऱ्या खापरांच्या मोहरा झाल्या.

"पोरीचं काय?" कवड्याने विचारलं.

"तिचा तिच्यापाशी राहील. उरलेल्यांचे सोडवायला वाडी येईल. दार उघडंच ठेव."

धोंडी घरी आली आणि अंगणातून हाक मारली, "चंपावती."

मसूने आत-बाहेर बघितलं. "कोण राणी आली?"

"तुझी पोर."

मसूने आभाळाकडे पाहिलं. आभाळ होतं तिथंच राहिलं. केरी बाहेर आली आणि म्हणाली, "काय गं?" जणू तिला ते नाव आधीपासून माहीत होतं.

साळुंक्या पुढेही दर पुनवेला, आता त्या ढिगांतल्या मोहरा उचलून, येत राहिल्या. चौथ्या मोहरेची गाढवी आली. पाचवीने मसूचा उद्या सुटला, आणि त्यात ताडी थोडी आणि शिंदीची पाच नवी रोपं निघाली. प्रधान तक्रार घेऊन गेला, "महाराज, राजमुद्रेची मोहर गाढवीवर घातली."

राजा म्हणाला, "तुला काय करायचंय?"

वर्षभरात पिंजरा रिकामा झाला. कुणी उद्यात विहीर पाहिली, कुणी होडी विकून मेंढ्या घेतल्या, कुणी काही केलं नाही, नुसता निवांत बसला. तेही ज्याचं त्याचं. कवड्याची नाचणी कणगीत किडली.

एके दिवशी तो टेकडी उतरून धोंडीच्या दाराशी आला. टेकडीवर त्याच्या ओसरीत पिसांचा खच पडला होता, झाडायला आता कुणी येत नव्हतं. मान खाली घालून म्हणाला, "एक झाडणी दे."

धोंडीने रात्रभर भिजवलेल्या पात्यांची, घट्ट बांधलेली झाडणी काढली. किंमत सांगितली, घेतली, झाडणी त्याच्या हातात दिली. कशाला हवी ते विचारलं नाही.

झाडणी टिकली, राज्य टिकलं. त्यांच्या घरी सकाळ झाली, तशी ऐकणाऱ्याच्याही घरी होवो.