वासंती ‘जाते’ म्हणत नाही

खाडीकाठच्या एका गावात खेळ बनवणारा एक तरुण राहत होता. यशोधन त्याचं नाव. खेळ मातीचे नाहीत, मोबाइलवरचे. त्याच्या एका खेळात एक नावाडीण होती. वादळात चुकलेल्या पोरांना ती होडीतून घरी पोहोचवायची. तिला आवाज दिला होता गावातल्याच वासंतीने. तो इतका मायेचा होता, की मुलं हरली तरी हसायची.

वासंतीचा हट्ट एकच. संवादात ‘जाते’ आलं की ती अडायची.

“मी ‘येते’ म्हणेन. निघताना ‘जाते’ म्हटलेलं आमच्या आईला खपत नाही.”

“अगं, खेळ आहे तो!”

“असू दे. तोंड तर माझंच आहे ना?”

यशोधन हसायचा आणि शब्द बदलायचा.

खेळ गाजला. मुलं दुसरा भाग मागू लागली. दसऱ्याला आणायचं ठरलं, पण वेळ कुठे होता? यशोधनने वासंतीची जुनी रेकॉर्डिंग एका यंत्राला ऐकवली. यंत्र हुबेहूब तिच्यासारखं बोलू लागलं. थकायचं नाही, अडायचं नाही.

“तिला विचारलंस?” त्याची बहीण मृणाल म्हणाली.

“विचारायचं काय त्यात? रेकॉर्डिंग माझ्याकडेच आहे. उलट तिचा त्रास वाचला.”

मग त्याने नवा खेळ आधी आळीतल्या मुलांना खेळायला दिला आणि स्वतः बघत बसला.

त्याच दिवशी वासंती होडीने पलीकडच्या गावी गेली होती. दुपारी वारा सुटला. तिची आई गोदाक्का ओटीवर भिजवलेले वाल सोलत होती. डोळ्यांना कमी दिसायचं, तरी सारखी खाडीकडे बघत होती. तेवढ्यात कुंपणापलीकडच्या यशोधनच्या अंगणातून लेकीचा आवाज आला.

“आई, जाते मी. वाट बघू नकोस.”

गोदाक्का ताडकन उठली. वालाचं ताट उपडं झालं. ती अनवाणीच कुंपणाशी धावली.

“यशोधन, माझी वासू कुठाय? ‘जाते’ म्हणाली रे ती! ती कधी असं म्हणत नाही!”

यशोधनच्या ओठांवर उत्तर तयार होतं: ‘अहो, खेळासाठी बोललीय ती.’ तेवढ्याने सगळं झाकलं गेलं असतं. पण म्हातारी कुंपण धरून खाडीकडेच बघत होती.

“आक्का, ती वासंती नव्हती,” तो म्हणाला. “यंत्र होतं. मी त्याला तिचा आवाज शिकवला, तिला न विचारता. चुकलो मी.”

“मग ती बरी आहे ना?”

“चला, बघू,” म्हणत त्याने तिचा हात धरला. दोघं धक्क्याकडे धावली.

होडी नुकतीच लागत होती. वासंती उतरली, हातात पिशवी, केस वाऱ्याने विस्कटलेले.

“अगं आई, अनवाणी कुठे निघालीस?”

गोदाक्काने दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं आणि तिथेच पायरीवर बसून रडता रडता हसायला लागली.

यशोधनने सगळं सांगितलं. वासंतीने पिशवी खाली ठेवली.

“माझ्याच आवाजाने माझ्या आईला घाबरवलंस होय रे?” एवढंच ती म्हणाली.

त्याने तिच्यासमोर यंत्रातला आवाज पुसून टाकला. दसरा हुकला, मुलं रुसली. पण वासंती पुन्हा खेळासाठी बोलायला आली. आणि काही दिवसांनी आपणहून म्हणाली, “‘सांभाळ’, ‘डावीकडे वळ’, एवढं बोलू दे यंत्राला. पण आधी मला ऐकवायचं, माझा मोबदला द्यायचा, आणि यंत्र बोलतंय असं खेळात लिहायचं.”

यशोधनने तसंच केलं. दिवाळीत खेळ आला. कुंपणापलीकडून आवाज घुमला, “आई, येते हं!”

गोदाक्का वाल सोलता सोलता म्हणाली, “ये गं बाई, सावकाश ये.”

“आई, मी घरातच आहे!” वासंती स्वयंपाकघरातून ओरडली.

तात्पर्य: कुणाचा आवाज आपल्यापाशी साठवलेला असला, तरी त्या आवाजाने काय बोलायचं हे ज्याचा आवाज त्याला विचारूनच ठरवावं.