काळ्या वाळूचं गाऱ्हाणं

फार जुनी गोष्ट, पण शंभर टक्के खरी. मी डोळ्यांनी पाहिली, फक्त तेव्हा जन्मलो नव्हतो. कासवांच्या राखीव किनाऱ्यावर खाणीचं यंत्र आलं. त्याच्या दलाल कोल्ह्याने गाऱ्हाणं घातलं, "बा समुद्रदेवा, ही काळी वाळू आमच्या पदरात घाल!" गाऱ्हाणं कुणाचंही असो, खेकड्यांना होकाराची पिढीजात सवय. ते ओरडले, "व्हय म्हाराजा!" कोल्ह्याने लगेच लिहिलं, 'गावाची संमती.'

म्हातारी कासवीण भडकली. "मेल्यांनो, माजी अंडी त्याच वाळूत आसत!" मग तिनेच साद घातली, "बा समुद्रदेवा, ह्या यंत्राक आल्या वाटेन परत धाड!"

"व्हय म्हाराजा!"

"आता ह्यापण लिव, कोल्होबा."

कोल्ह्याने मुकाट लिहिलं आणि यंत्र निघून गेलं.

यातलं सगळं खरं आहे. यंत्र गेलं, तेवढं मी रचलं.