न ओळखलेली अळंबी

जंगलाला लागून असलेल्या एका गावात धाकलू नावाचा एक जाणता माणूस राहत होता. जाणता कशातला, तर झाडावर उगवणाऱ्या अळंब्यांतला. श्रावण लागला की गावची माणसं टोपल्या घेऊन रानात जायची, वाळक्या खोडांवरच्या अळंब्या काढायची आणि घरी जाण्याआधी धाकलूदादाच्या अंगणात टोपली उतरवायची. दादा अळंबी उलटी करून बघायचा, वास घ्यायचा, कुठल्या झाडावरची ते विचारायचा आणि एकच शब्द बोलायचा. खायची असेल तर "शिजवा", विषारी असेल तर मातीत "पुरा". त्याशिवाय कोणाच्या चुलीवर भांडं चढत नसे.

दादाचा निकाल आजवर चुकला नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो अभिमान जरा डोक्यातच गेला होता. निकाल द्यायला थोडा वेळ लागला तरी त्याला कमीपणा वाटायचा. "मला ठाऊक नाही" हे शब्द त्याच्या तोंडून कोणी कधी ऐकलेच नव्हते.

एका वर्षी त्याची नवी सून सुंद्री पहिल्यांदाच रानात गेली आणि काठोकाठ भरलेली टोपली घेऊन परतली. ओढ्याच्या पुराने कुठूनसा एक ओंडका आणून टाकला होता, त्यावर या अळंब्या फुटल्या होत्या. तिने त्या देठाशी धरून अलगद कापल्या होत्या आणि लहान होत्या त्या वाढायला ठेवल्या होत्या. सासरी आल्यापासून आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

दादाने एक अळंबी उलटी केली. वास घेतला. पुन्हा उलटी केली. अशी अळंबी त्याने जन्मात पाहिली नव्हती. ओंडक्याची साल पुरात निघून गेलेली, त्यामुळे झाड कुठलं ते सुंद्रीलाही सांगता येईना. इकडे अर्धं गाव अंगणात निकालाची वाट बघत उभं.

"आमच्या माहेराकडं अशा खातात, मामंजी," सुंद्री हळूच म्हणाली.

आता नव्या सुनेकडून दादा शिकणार होता थोडाच! त्याने टोपली दूर सारली. "विषारी आहेत. पुरा."

यात कोणाचं काय बिघडलं, असं त्याने मनाशी म्हटलं. अळंबी न खाल्ल्याने कोणी मरत नाही.

पण बिघडायचं ते बिघडलंच. संध्याकाळी सुंद्री शेजारीण भिवराकडे ताक घेऊन गेली, तर भिवराने ते न घेताच तिला परत पाठवलं. जिला विष कळत नाही तिच्या हातचं खावं कसं, अशी विहिरीवर कुजबुज सुरू झाली. जेवायच्या वेळी सुंद्रीने भाजी आधी स्वतः चाखली आणि मग सासऱ्याच्या पानात वाढली. ते पाहून दादाने हातातला घास परत पानात ठेवला. पोर गुणाची होती, आणि तिची ही दशा त्यानेच केली होती.

दुसऱ्या दिवशी टोपल्या आल्या. एकही न उघडता दादा उभा राहिला.

"कालच्या अळंब्या विषारी म्हणालो, ते खोटं. मला त्या ओळखताच आल्या नाहीत. माझं नाक वर राहावं म्हणून मी या पोरीला डाग लावला."

भिवराने मान खाली घातली. सुंद्रीने पदर डोळ्यांना लावला.

मग दादाने सुंद्रीच्या आईला, ठकूबाईला, निरोप धाडून बोलावून घेतलं. ती आली ती थेट ओढ्यावर गेली. तिने नखाने ओंडका खरवडून लाकूड पारखलं आणि मागे ठेवलेल्या अळंब्या एकेक करून निरखल्या. त्यातल्या काही बाजूला काढून ती म्हणाली की या माझ्याही ओळखीच्या नाहीत, या राहू द्या. बाकीच्या तिने शिजवल्या. जो हमी देतो त्याने आधी खायचं आणि इतरांनी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, अशी ठकूबाईच्या गावची रीत होती. ठकूबाई जेवून स्वस्थ झोपली आणि सकाळी उठून भाकरी मागू लागली, तेव्हा गावाचा जीव भांड्यात पडला. दादाने तर ती भाजी दोनदा वाढून घेतली. त्या श्रावणात तो सुनेच्या मागे मागे रानात हिंडला आणि तिच्या माहेरच्या अळंब्या शिकला.

आता दादाला कोण विचारतो, असं काहींना वाटलं. दादालाही वाटलं. पण पुढच्या वर्षी त्याच्या अंगणात टोपल्या ठेवायला जागा पुरेना. दादा आताही "शिजवा" म्हणे, "पुरा" म्हणे, आणि एखाद्या वेळी "मला ठाऊक नाही, राहू द्या" असंही म्हणे. एकदा न राहवून त्याने भिवराला विचारलं, की अजून माझ्याकडेच का येता?

भिवरा म्हणाली, "आधी तुम्ही शिजवा म्हणायचात ना दादा, तरी पहिला घास घेताना छातीत धडधडायचं. आता नाय धडधडत."

तात्पर्य: ज्याला "मला ठाऊक नाही" असं म्हणता येतं, त्याच्याच "ठाऊक आहे" वर माणसं निर्धास्त राहतात.