गेनू मुकादमाने जागा भरली

भोपळवाडी नावाच्या गावात एक भोळा मुकादम होता. नाव गेनू. मुकादम म्हणजे दुसऱ्यांकडून काम करून घेणारा माणूस. गेनूकडून काम करून घेणारा माणूस मात्र अजून जन्माला यायचा होता. त्याला कामावर ठेवलं होतं त्याच्या सख्ख्या मामाने, सर्जेरावाने. दुसरं कोण ठेवणार?

मामाचा धंदा माणसं पुरवायचा. हल्ली कायमची माणसं कोणालाच नको असतात. आज हवीत, उद्या नकोत. कांदा आला की निवडायला बायका, लग्न निघालं की वाढपी, भिंत पाडायची असली की गडी. गिऱ्हाईक मोबाइलवर माणसं मागवायचं, मामा टेम्पोत भरून पाठवायचा, काम झालं की ज्याचा तो मोकळा. मामाकडे सगळेच रोजंदारीवर. गेनूसुद्धा.

आणि तिथंच घोडं अडलं होतं. शेजारच्या गावच्या हैबतरावांची वैजू गेनूला सांगून आली होती. गेनूला ती इतकी आवडली, की तिच्या प्रत्येक प्रश्नाला तो "हो" म्हणाला. "नाव काय तुमचं?" याला सुद्धा. पण हैबतराव म्हणाले, "रोजंदारीवाल्याला मी पोरगी देत न्हाई. जावई कायम पायजे."

गेनूची आई रडायला लागली. बहिणीचे डोळे बघून मामा विरघळला. "हैबतराव, तारीख धरा. अक्षता पडल्या की त्याच मांडवात नवरदेवाला कायम करतो. शब्द हाय माझा!" मग तो गेनूकडे वळला. "पन तवर घोळ घातलास तर नोकरी बी गेली अन् वैजू बी. कळलं?"

"कळलं की, मामा."

दुसऱ्या दिवशी मामाने त्याला कांद्याच्या वखारीवर धाडलं. "बायका संध्याकाळपर्यंत कामात दिसल्या पायजेत," एवढंच सांगितलं. बायका चलाख. दुपारीच मोठा कांदा एकीकडे, बारका एकीकडे, सगळं उरकून पदर झटकून उठल्या. गेनू घाबरला. संध्याकाळ तर अजून लांब होती. त्याने फावडं घेतलं आणि दोन्ही ढीग एकत्र कालवून टाकले. "हं, बसा. निवडा."

वखारवाला मामाच्या अंगावर धावून गेला. मामा गेनूच्या.

"अरे शहाण्या, काम संपलं की मानसाला घरी धाडायचं! उगं थांबवायचं न्हाई. कळलं?"

"कळलं की, मामा." आणि त्याला खरंच कळलं होतं.

पुढचं काम बाजारपेठेत होतं. कापडाच्या दुकानावरची पाटी रंगवायची. एक पेंटर, आणि शिडी धरायला एक गडी. पेंटर सरसर वर चढला. गेनू गड्याकडे बघत राहिला. गडी नुसता उभा.

"का रं, तो चढला न्हवं वर?"

"चढला की."

"मग तुझं काम संपलं. जा घरी."

गडी गेला. मग शिडी गेली. पेंटर पाटीला लोंबकळत राहिला आणि हिरव्या रंगाचा डबा थेट दुकानदाराच्या टकलावर आला. दुकानदार चार दिवस टोपी घालून गल्ल्यावर बसत होता.

मामाने कपाळ बडवून घेतलं. "अरे, कोन काय काम करतो ते आधी करवून बघावं! डोळ्यांनी बघावं अन् मग ठरवावं. कळलं?"

"कळलं की, मामा."

मग पाटलांच्या गोठ्याची जुनी भिंत पाडायला गडी हवे होते. पहारी खांद्यावर टाकून गडी मामाच्या दारात जमले. गेनूने त्यांना निरखून पाहिलं.

"भिंत पाडता येते का?"

"येते की."

"करून दाखवा."

"कुठं दाखवू?"

गेनूने इकडेतिकडे पाहिलं. समोरच मामाचं स्वयंपाकघर होतं. आत मामी भाकरी थापत होती. गेनू रीतभात जाणणारा. तो म्हणाला, "मामी, जरा सरकून बसता का?"

मामा घरी आला तेव्हा मामी उघड्यावर बसून भाकरी थापत होती आणि सगळी आळी बघत होती.

"मामा, गडी पास!" गेनू आनंदाने ओरडला.

तेवढ्यात पाटलांचा फोन आला. वाट बघून कंटाळून त्यांनी दुसऱ्याची माणसं बोलावली होती. फोन ठेवून मामा कडाडला. "तिकडं जागा मोकळी ऱ्हायली अन् गिऱ्हाईक गेलं! गेन्या, या धंद्यात जागा मोकळी ठेवायची न्हाई. एक मानूस हलला की तिथं लगीच बदली मानूस उभा करायचा. आता लग्नापर्यंत एवढं एकच ध्यानात ठेव. दुसरं डोकं चालवू नगंस. कळलं?"

"कळलं की, मामा."

लग्नाचा दिवस उजाडला. गेनू फेटा बांधून, फुलांच्या दाट मुंडावळ्या लावून पाटावर उभा राहिला. समोर अंतरपाट, अंतरपाटापलीकडे वैजू. गेनूच्या मनात नुसते लाडू फुटत होते. मामाने त्याच्या मागे उभं राहायचं, पण मामाला माणसं हवी असलेल्या गिऱ्हाइकाचा फोन आला आणि तो मांडवाबाहेर गेला. आईचे डोळे पदरात होते. भटजींचे पोथीत.

इतक्यात मामाच्या वाढप्यांपैकी दशरथ जिलबीची बादली घेऊन आला आणि मांडवाच्या खांबाला टेकला.

"गेनूदादा, पायांत गोळं आलं. मी जरा टेकतो."

गेनूने पंगतीकडे पाहिलं. पानं मांडलेली, आणि जिलबीच्या जागेवर माणूस नाही! त्याने दशरथाच्या हातातली बादली घेतली. पण मग पाटावरची जागा मोकळी राहत होती. म्हणून त्याने आपला फेटा दशरथाच्या डोक्यावर ठेवला, मुंडावळ्या बांधल्या आणि बजावलं, "मी येईस्तवर हलू नगंस."

दशरथाने आजवर मिळेल ते काम केलं होतं. त्याने हेही केलं.

अक्षता पडल्या. अंतरपाट खाली आला. वैजूने हार घातला आणि मग वर पाहिलं. एकच गलका झाला. मामा धावत आला. हैबतराव गरजले, "ह्यो कोन?"

"बदली," दशरथ म्हणाला.

वैजूने त्याला खालीवर न्याहाळलं. मग पंगतीत जिलबी वाढणाऱ्या गेनूकडे पाहिलं. "आबा, मला ह्योच चालंल," ती म्हणाली. "उभा केला तिथं उभा तरी ऱ्हायला."

हैबतराव मामाकडे वळले. "सर्जेराव, अक्षता पडल्यात. नवरदेवाला कायम करनार होतासा. समद्या मांडवानं ऐकलंय."

मामाने चारही बाजूंना पाहिलं. सुटका नव्हती. "दशरथा," तो कण्हत म्हणाला, "आजपासनं तू कायम."

गेनू बादली घेऊन धावतच आला. "मामा, म्हंजी दशरथाची वाढप्याची जागा मोकळी झाली!"

मामा मटकन खाली बसला.

"घाबरू नगासा, मामा," गेनू म्हणाला आणि त्याच्या पुढ्यात जिलबी टाकली. "मी भरली ती."